पिवळा कागद आला नाही

तुम्ही तिला विचारलं नाहीत. तिच्या चित्रांचं काय करायचं, तिला किती सांगायचं आणि किती लपवायचं, तिला किती झेपेल, हे सगळं तुम्ही स्टुडिओ चालवणाऱ्यांनी वरच्या मजल्यावर चहाचे कप पुढे घेऊन ठरवलंत. जिच्याबद्दल ठरवलंत ती मुलगी तुमच्या पायाखालच्या मजल्यावर पेन्सिलीला टोक करत बसली होती. एक जिना उतरला असतात तर ती समोरच होती. तुम्ही म्हणाल, आम्ही तिच्या भल्यासाठीच केलं. असं करणारे सगळे तेच म्हणतात. तर मग ते भलं कसं झालं, ते ऐका.

नोनोका हिराइवा कुरायोशीहून तोक्योला आली ती चित्रं काढायला. शाळेत असताना वहीच्या समासात मुली काढायची, मोठ्या डोळ्यांच्या, वाऱ्यावर केस सोडलेल्या. वर्गातल्या पोरी तिच्या बाकापाशी घोळका करून आपापले चेहरे काढून घ्यायच्या. इंटरनेटवर चित्र टाकलं की खाली बदामांची रांग लागायची. ‘किती गोड’, ‘तुझा हात मला दे’, असं लोक लिहायचे. चूक कुणी दाखवली नाही, कारण चेहऱ्यात चूक नव्हतीच. चेहरा हलत नाही तोवर चेहऱ्यात चूक सापडत नाही.

ते तिला कळलं तोक्योतल्या कामिइगुसाला, सायकलच्या दुकानावर असलेल्या, हलती चित्रं बनवणाऱ्या स्टुडिओत. रविवारी सकाळी लागणारी मुलांची मालिका तिथं व्हायची. नदीकाठच्या गावात आजोबांबरोबर राहणाऱ्या कायो नावाच्या मुलीची गोष्ट. नोनोकाच्या वाट्याला त्यातले लहान लहान तुकडे यायचे. कायो दार उघडते, कायो वळून बघते, एवढेच. एका तुकड्याचे सगळे कागद एका खाकी पाकिटात असायचे आणि ते पाकीट टेबलावरून टेबलावर फिरायचं. आधी नोनोकानं कच्चं काढायचं. मग पाकीट तोमोएदाबाईंकडे. मालिकेतलं प्रत्येक माणूस त्यांच्या हाताखालून जायचं. चुकलेल्या चित्रावर त्या पातळ पिवळा कागद ठेवायच्या, बरोबर रेघ काढायच्या आणि पाकीट परत पाठवायच्या. नोनोकानं ते बघून पक्कं काढलं की पाकीट पुढे जायचं ते जायचंच. नंतर भेट टीव्हीवर.

पहिल्या हिवाळ्यात तिची पाकिटं फुगून परत यायची. पिवळ्यावर पिवळे. आणि कोपऱ्यात तोमोएदाबाईंचं अक्षर. ‘हा माणूस आहे की कपाट?’ ‘गुडघा कुठं ठेवून आलीस?’ ‘चेहरा गोंडस. मान नाही. गोंडस चेहरा कशावर बसवू?’

नोनोका उठायची, मोरीत जायची, नळ पूर्ण सोडायची आणि रडायची. नळ जुना होता, सोडला की पाइप भिंतीत धडधडायचा. त्यामुळे ती रडते आहे हे सगळ्या इमारतीला कळायचं.

“आत्ता उघडू नकोस ते,” यागुरा म्हणायचा. पाकिटं पोचवणं, मुदती सांभाळणं आणि चित्रकारांची समजूत काढणं, ही त्याची नोकरी. तिशीचा होता आणि चाळिशीचा दिसायचा. “आधी खाऊन घे. उपाशी पोटी तोमोएदाबाई वाचू नयेत, डॉक्टर सांगतात.”

“कुठले डॉक्टर?”

“मला काय माहीत. मला कुठं वेळ आहे डॉक्टरकडे जायला.”

पण ती खायच्या आधीच उघडायची. आपलं चित्र खाली, पिवळा कागद वर, दोन्ही बोटांत धरून उलटसुलट करायची. माझं, त्यांचं. माझं, त्यांचं. नाक ओढत ओढत बघत राहायची. गुडघा खरंच नव्हता. मग यागुराला म्हणायची, “यागुरा-सान, एवढ्या पिवळ्या कागदांच्या झेरॉक्स काढून द्याल? आणि बाकीच्यांच्या पाकिटांतल्याही?” तो कुरकुरायचा आणि द्यायचा. टेबलाखाली तिच्या झेरॉक्सचा गठ्ठा वाढत गेला, आणि मान आली, कोपर आलं, गुडघा आला.

नळाचा आवाज तुमच्यापर्यंत पोचला. झेरॉक्स मशीनचा पोचला नाही.

मग वसंतात तिच्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा एके दिवशी आलाच नाही. त्याच्या वडिलांचा फोन आला म्हणे, वर, थेट. काय बोलणं झालं ते खालच्या मजल्यावर कुणाला कळलं नाही. एवढं खरं, की त्यानंतर नोनोकाच्या पाकिटात पिवळा कागद येईनासा झाला. पहिल्यांदा तिला वाटलं, यागुराच्या हातून पडला असेल. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या पाकिटात एक चिठ्ठी होती, छापल्यासारख्या अक्षरात: ‘छान झालंय. असंच चालू दे.’

ज्यांनी आयुष्यात कधी फुगलेलं पाकीट उघडलं नाही त्यांना कोऱ्या पाकिटाची नशा कळायची नाही. ती दुपारी खाली उतरून बाकावर बसली आणि आईला फोन लावला. आई कुरायोशीत शाळांचं जेवण शिजवायच्या मोठ्या स्वयंपाकघरात कामाला होती.

“आई, पिवळा कागद आला नाही.”

“मग मागवून घे.”

“अगं, नाही आला म्हणजे चांगलं. चूक नाही म्हणजे.”

“एकही?”

“एकही नाही.”

“आमच्याकडे एका शाळेतून भांडी अगदी चाटूनपुसून यायची. मला काय आनंद. मग कळलं, पोरं पालकाची भाजी खिडकीतून टाकत होती.”

“आई.”

“गंमत केली गं. तू जेवलीस का?”

त्या उन्हाळ्यात तिला एक जरा मोठा तुकडा मिळाला. कायो नदीवरून घरी येते, दारातल्या बुटांच्या कपाटाला धरून एका पायावर उभी राहते आणि ओला मोजा काढते. नोनोकानं जीव ओतला. मोजा घोट्यापासून पंजापर्यंत एका सुंदर वळणात निघतो, केस मागून झुलतात, कायो हलकेच मान वर करते. त्यातला कुठलाही कागद काढून भिंतीवर लावावा. कच्चं परत आलं ते कोरं. पक्कं दिलं. यागुरा पाकीट न्यायला आला तेव्हा तिनंच विचारलं, “कसं वाटलं?”

“छान आहे,” यागुरा म्हणाला आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

शरदात तो भाग लागायचा रविवार आला. आईनं मोसमातल्या शेवटच्या नाशपाती पाठवल्या होत्या. नोनोका त्यातली एक चिरून पडद्यासमोर बसली, फोन कानाशी. तिकडे आईनं स्वयंपाकघरातल्या दोन बायकांनाही घरी बोलावलं होतं.

पडद्यावर कायो दारात आली. तिनं कपाटाला धरलं, पाय उचलला. मोजा टाचेपर्यंत आला आणि तिथं अडकला. ताणला गेला, लांबलचक झाला. कायोचा पंजा आत वळला, खांदा कपाटावर दाबला गेला, दात ओठावर आले. आणि मोजा एकदम सुटला तशी ती एका पायावर लंगडत मागे गेली. मोजा फरशीवर पडला आणि पडला तिथं चिकटून बसला.

नोनोकाची एकही रेघ त्यात नव्हती.

“काय ओला काढलास गं मोजा,” आई म्हणत होती. “साकागुचीबाई म्हणतात, पिळून वाळत घालावासा वाटतो. ऐकतेस ना?”

“हो.”

“नाव आलं बघ तुझं. आलं आलं. गेलं.”

“दिसलं मला.”

तिनं फोन ठेवला. लाज नंतर आली. आधी आलं ते वेगळंच. तो मोजा ओला होता, आणि आपला कोरडा होता, इतकं साधं. आपल्याला कुणी ते सांगितलं असतं तर एका दुपारचं काम होतं. आणि मग, नाशपातीच्या फोडी काळ्या पडेपर्यंत बसल्यावर, तिला उमगलं की वसंतानंतर काढलेल्या तुकड्यांपैकी टीव्हीवर आलेला हा पहिलाच. बाकीचे अजून यायचे होते.

सोमवारी यागुरा दुकानासमोर गाडीत पाकिटं भरत होता.

“मोजा कुणी काढला?”

“कुठला मोजा?”

“यागुरा-सान.”

त्यानं हातातला गठ्ठा सीटवर ठेवला. “तोमोएदा-साननी. पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

“आणि बाकीचे? दाराचा तुकडा? छत्रीचा?”

“सगळेच गं. काही त्यांनी, काही बाहेरच्यांनी.”

“मग पिवळे कागद का नाही आले?”

“वरून सांगितलंय. नवीन मुलांच्या पाकिटात पिवळा कागद घालायचा नाही. छान म्हणायचं, त्यांचं त्यांना पुरं करू द्यायचं, आणि गेल्यावर गुपचूप नव्यानं काढायचं. कुणाचं मन दुखवायचं नाही.”

“माझं मन कधी दुखलं?”

“तू रोज रडत होतीस. पाइप वाजायचा.”

“रडल्यावर मी काय करायचे, ते सांगितलंत त्यांना?”

यागुरा सीटवरचा गठ्ठा सारखा करू लागला.

“मार्चमध्ये करार संपतो माझा,” ती म्हणाली. “पुढे?”

“ज्यांचं सगळं नव्यानं काढावं लागतं, त्यांना पुढे ठेवणार नाहीत.” त्यानं गाडीचं दार लावलं, पुन्हा उघडलं. “पण तेही प्रेमानं सांगणार आहेत. फुलांचा गुच्छ देऊन.”

“तुम्हाला माहीत होतं.”

“मला सगळ्यांचं सगळं माहीत असतं. म्हणून तर अन्न पचत नाही.”

“मग बोलायचं होतंत.”

“तू हसायला लागली होतीस नोनोका-चान. दुपारी डबा पूर्ण खायला लागली होतीस. मी काय म्हणणार होतो त्यावर?”

यागुराला माफ करता येतं. तो तिच्या डब्याकडे बघत होता, निदान बघत तरी होता. तुम्ही कशाकडे बघत होतात? मुलगी रडू नये म्हणून तुम्ही तिचं शिकणं बंद केलंत, आणि न शिकल्याबद्दल तिला काढायची तारीखही धरून ठेवलीत. पूर्वीच्या काळी इथं कागद तोंडावर फेकायचे. ते वाईट होतं, त्यात वाद नाही. पण कागद फेकणाऱ्यानं तो कागद आधी पाहिलेला असायचा.

त्या दिवशी तिनं यागुराकडून एकच मागून घेतलं. वापरून झालेली पाकिटं जिन्याखाली खोक्यात पडलेली असतात. त्यातनं मोज्याचं पाकीट त्यानं शोधून आणलं. एका बाजूला तिचे कागद, दुसऱ्या बाजूला तोमोएदाबाईंचे. ती पूर्वीसारखी उलटसुलट करत बसली. माझं, त्यांचं. तिचे कागद एकेक बघितले तर आजही सुंदर होते. भराभर उलटले की कायो वितळत होती. तिनं प्रत्येक कागद भिंतीवर लावायला काढला होता. पुढच्या कागदाकडे जायला नव्हे.

घरी तिनं मोजे घालून बादलीत पाय बुडवले आणि दारात उभी राहून मोजा काढला. पहिल्यांदा भिंतीला डोकं आपटलं. मग पुन्हा भिजवला, पुन्हा काढला. टाच अडते तेव्हा श्वासही अडतो, हे तिला माहीत नव्हतं. आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, जी तोमोएदाबाईंच्या कागदांत नव्हती. ती स्वतःच्या पायाकडे बघतच नव्हती. शेजारच्या आजी बाहेर येतील आणि हा काय प्रकार म्हणून विचारतील, या भीतीनं तिची नजर सारखी बाहेर जात होती. कायोला तर आजोबांनी नदीवर जायला बंदी केलेली. मोजा काढताना ती कुठं बघेल?

कुणी सांगितलं नव्हतं तरी तिनं सगळा तुकडा पुन्हा काढला. फाडला. पुन्हा काढला. गठ्ठा नीट झाला तेव्हा एका दुपारी तोमोएदाबाईंच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. इतक्या महिन्यांत ती त्या टेबलापाशी पहिल्यांदाच गेली होती. बाईंच्या खांद्यावर दुखण्याची पट्टी होती, तिचा वास येत होता. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक, केस पेन्सिलीनं वर खोचलेले.

“मोज्याचा तुकडा परत काढलाय. बघाल का?”

“तो लागून गेला टीव्हीवर.”

“माहीत आहे. तुमचा लागला.”

बाईंनी मान वर केली नाही. “तुम्हा लोकांना काही सांगायची मला परवानगी नाही. वर जाऊन विचार.”

“वरच्यांना मोजा काढता येतो का?”

आता त्यांनी मान वर केली. “तू रडशील.”

“रडेन. नळ सोडेन, रडेन आणि परत येईन. आधीही तेच करत होते. परत आलेली कुणी पाहिली नाही.”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “तुझ्या शेजारच्या त्या मुलाला मी काय लिहिलं होतं, आठवतंय का तुला? मला आठवतंय. तो काम सोडून गेल्यावर आठवायला लागलं. तेव्हापासून नवीन माणसाचं पाकीट आलं की माझा हात उचलत नाही. त्यांनी मनाई केली तेव्हा मला बरंच वाटलं, खरं सांगू का.”

“मीही खरं सांगू?”

“सांग.”

“तुम्ही मला कपाट म्हणालात, त्यातून मी काही शिकले नाही. दिवसभर डोक्यात नुसतं कपाट होतं. गुडघा कुठं ठेवून आलीस म्हणालात, त्या दिवशी गुडघा शिकले. दोन्ही तुम्हीच लिहिलंत. मला दुसरं हवंय, पहिलं नकोय. वरच्यांनी दोन्ही बंद केलं.”

बाईंनी खांद्यावरची पट्टी दाबून बसवली. मग म्हणाल्या, “माझ्या गुरूनं माझे कागद खिडकीबाहेर टाकले होते.”

“त्यातून काय शिकलात?”

“भिजलेले कागद सुकवायला.” त्या हसल्या, आणि खांद्याला कळ लागली म्हणून थांबल्या. “दे इकडे.”

त्यांनी गठ्ठा घेतला, कागद बोटांच्या फटींत धरले आणि उलटू लागल्या. वरून खाली, खालून वर. कागदांचा फडफड आवाज एका जागी थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा तिथंच थांबला. बाईंनी खण उघडला आणि पिवळा कागद काढला.

“टाच चांगली आहे. टाच मला आवडली. पंजा खोटा आहे, बोटं आत वळली की तळव्याला इथं घडी पडते, हे बघ.” रेघ आली. “आणि मोजा सुटल्यावर तू तिला फार लवकर सावरलीस. पडू दे की जरा. तुला ती छान दिसायला हवी आहे अजून.”

नोनोकाचे डोळे भरले. ती पुसत पुसत कागदाकडे बघत होती. “हो,” ती म्हणाली. “हवी होती.”

“आणि हे काय? ही पायाकडे का बघत नाही? मी पायाकडे बघायला लावली होती.”

“माहीत आहे. मी मुद्दाम बदललं. ती घरात बघते आहे. आजोबांना कळलं तर, म्हणून. मोजा अडकतो तेव्हा तिला मोज्याची काळजी नाहीच. उशीर होतोय याची आहे.”

“बघणाऱ्याचं लक्ष मोज्यावर राहायला हवं. तिनं आत पाहिलं की लक्ष फुटतं. पाच-सहा सेकंदांच्या तुकड्यात दोन गोष्टी मावत नाहीत.”

“मला वाटतं मावतात. हात मोज्याचं काम करतात, डोळे आजोबांचं. तुमच्या तुकड्यात मोजा ओला आहे. पण कायो कुठल्याही घरची असू शकते.”

आजूबाजूच्या टेबलांवरच्या पेन्सिली थांबल्या होत्या. तोमोएदाबाईंनी ते कागद पुन्हा एकदा उलटले, सावकाश. मग आणखी एकदा. त्यांनी पिवळा कागद कायोच्या चेहऱ्यावर ठेवला, पेन्सिल टेकवली, आणि रेघ न काढता उचलली.

“बरं आहे,” त्या म्हणाल्या आणि गठ्ठा बंद करून तिच्याकडे सरकवला.

नोनोकानं तो परत त्यांच्याकडे सरकवला.

“बरं आहे म्हणू नका. चिठ्ठीत तेच लिहून येत होतं. कायोनं कुठं बघायचं, पायाकडे की घरात? माझं चुकत असेल तर का चुकतं ते या पिवळ्या कागदावर काढून दाखवा. बरोबर असेल तर तोंडानं तसं म्हणा. मी इथून हलत नाही. सांगा.”